शालूची नवमी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की मी माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त घरात कुणाला न विचारता डॉक्टरांना देऊन टाकलं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही... म्हणून जे झालं ते इथे लिहिते आहे.

माझी बहीण शालू देवळीजवळच्या एका खेड्यात राहायची. कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि त्या तापातच ती वर्ध्याच्या दवाखान्यात वारली. तेव्हा प्रत्येक ताप कोरोनाचाच धरत होते... तिला घरी आणता आलं नाही, सगळं बाहेरच्या बाहेर उरकलं. मागाहून रिपोर्ट आला. कोरोना नव्हता.

मग काय होतं? ते आजवर कुणालाच माहीत नाही.

यंदा पावसाळ्यात एका डॉक्टर मुलीचा फोन आला. ती तापांवर संशोधन करते. शालू ॲडमिट असताना अशाच एका अभ्यासासाठी तिचं रक्त घेतलं होतं, तिच्याच संमतीने. त्यातलं थोडं सीरम अजून फ्रीझरमध्ये आहे. गवतातल्या बारीक किड्यांमुळे जो ताप येतो, त्याची तपासणी आता या जुन्या नमुन्यांवर करायची आहे... अभ्यास नवा, म्हणून घरच्यांची परवानगी हवी. आणि नमुना इतका थोडा, की तपासणीत तो संपेल.

मी जुन्या काळातली बी.एस्सी., शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. सीरम म्हणजे काय ते मला समजतं. तरी फोन ठेवल्यावर एकच मनात येत राहिलं... माझ्या नालवाडीच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर शालूचं काहीतरी इतकी वर्षं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

आता 'न विचारता' याबद्दल. परवानगी द्यायची ती तिच्या नवऱ्याने, म्हणून दुसऱ्याच सकाळी एसटीने मी नामदेवरावांकडे गेले. ते भाजीपाला करतात... वांगी, कोथिंबीर, एका कोपऱ्यात थोडी हळद. मी त्यांची आकडसासू, म्हणजे बायकोची मोठी बहीण. मला पाहिल्यावर ते तण निंदणाऱ्या बायांना म्हणाले, "सरळ बसा वं, मास्तरीनबाई आल्या." हे त्यांचं जुनंच आहे.

मी सगळं सांगितलं. शालू रोज धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापून आणायची, म्हणून डॉक्टरांना शंका आहे. तोच ताप निघाला, तर गावात पुढच्या माणसाला वेळेवर औषध देता येईल, औषध साधं आहे. पण तिचं जे उरलं आहे ते राहणार नाही. माझा भाऊ फोनवर म्हणाला होता, गेलेल्या माणसाला आता तरी सुखाने राहू द्या. तेही सांगितलं.

नामदेवरावांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "बाई, मले पाह्याले भेटन काय? तिचं तोंडबी नाई पाह्यलं मी."

मी डॉक्टरला विचारलं. तपासणीच्या दिवशी नमुना बाहेर काढावाच लागतो, तेव्हा काचेबाहेरून दाखवता येईल, असं तिने तिच्या सरांना विचारून कळवलं. नामदेवराव सही द्यायला तयार झाले, दिवसही त्यांनीच सांगितला... नवमी. पितृपक्षातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्णीची ओटी भरतात. मी हे प्रकार मानत नाही. पण लॅबला तो दिवस चालत होता, म्हणून गप्प बसले.

नवमीला लॅबच्या काचेपलीकडे डॉक्टरने हातमोज्यात एक कुपी धरली, बोटाच्या पेराएवढी. वर बर्फ धरला होता, तिने तो अंगठ्याने पुसला. रक्त लाल का नाही, हे नामदेवराव विचारतील असं वाटलं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. "पिवळी दिसून राह्यली," म्हणाले. "हळदीत अशीच दिसे."

मी काही समजावलं नाही.

कुपी आत गेली. डॉक्टर हात धुऊन बाहेर आल्यावर नामदेवरावांनी पिशवी माझ्यापुढे केली. हिरवी साडी, खण, नारळ, बांगड्या... शालूला नेसवून, मळवट भरून पाठवायचं राहून गेलं होतं. डॉक्टर लग्न झालेली; सवाष्ण म्हणून बसाल का, हे त्यांनी आधीच तिला विचारून ठेवलं होतं, आणि तिने हो म्हटलं होतं. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

ओटी बाईनेच भरायची. मी म्हटलं, मी विधवा, गावाच्या रीतीने माझा हात चालत नाही, आतून एखादी नर्स बोलावू.

"काऊन नाई चालत? तिची बहीन तं तुमीच. भरा."

कॉरिडॉरमधल्या बाकावर डॉक्टर बसली. तिने पांढऱ्या कोटावरून ओढणी पुढे घेतली आणि डोळे मिटले. कुंकू लावताना माझं बोट जरा जास्तच रेंगाळलं... शालूचं कपाळ असंच रुंद होतं.

निकाल यायचा आहे. तो आधी नामदेवरावांना कळेल, मग ग्रुपला.

कुणाला काय दिलं, ते स्पष्ट असलेलं बरं. लॅबला दिलं: शालूचं उरलेलं सीरम, नवऱ्याच्या सहीने, बहिणीच्या साक्षीने. डॉक्टर मुलीच्या ओटीत: साडी, खण, नारळ, घरच्या शेतातली हळकुंडं.

बांगड्या नामदेवरावांनी शालूच्या मापाच्या आणल्या होत्या. डॉक्टरच्या हातात त्या चढल्या नाहीत. त्या माझ्याकडे आहेत.