मुकादमाच्या पोरींचा बास्केटबॉल

शिरूरच्या कॉलेजचं मैदान मी पुष्कळ वर्षं झाडलं. रोज सकाळी खडे वेचून कोपऱ्यात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच खडे. कुठून येतात कोण जाणे. मुलींच्या बास्केटबॉलच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगून बाजूला टाकली की तिच्याखालून दुसरी निघते. आता चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "मामा, ती बुटांची सांगा." बुटांची सांगितली की रिंगची सांगावी लागते आणि रिंगची सांगितली की सुमनच्या नानांपर्यंत गेल्याशिवाय उठता येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला. खेळातलं मला तेव्हाही फारसं कळत नव्हतं. चुन्याच्या रेघा मारणं, बॉलमध्ये हवा भरणं, मुलींसाठी पाण्याचा माठ भरून ठेवणं, एवढंच माझं काम. या गोष्टी बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या.

* * *

आधी रिंगची.

आमचे खेळाचे सर पुण्याला शिकून आलेले, नियमाचे पक्के. त्यांनी लोखंडी खांब करून आणले आणि मला सांगितलं, "मामा, तीन फूट खोल पुरा." मी खणायला लागलो. दोन फुटांवर खडक लागला. पहार मारली की ठिणगी उडायची, खडक काही हलायचा नाही. मी तेवढ्यातच खांब उभे केले, दगड ठोकले आणि काँक्रीट ओतलं. सरांनी विचारलं, "पुरले का?" मी म्हटलं, "पुरले."

मुली चार महिने त्या रिंगवर शिकल्या. मग पहिली मॅच दौंडला. तिथं स्टेशनजवळ सिमेंटचं गुळगुळीत कोर्ट. आमच्या मुलींनी बॉल टाकला की तो बोर्डावरून पलीकडं. दुसरा टाकला, तोही पलीकडं. पलीकडं चहाची गाडी होती. गाडीवाला बॉल परत फेकून फेकून दमला आणि म्हणाला, "बाई, माझं गिऱ्हाईक उठून गेलं. जरा हळू टाका."

दुसऱ्या दिवशी सरांनी टेप आणून आमची रिंग मोजली. दहा फुटांऐवजी अकरा भरली.

"मामा, हे सांगायचं नाही का?"

"तुम्ही उंची विचारली नाही, सर. पुरले का, एवढंच विचारलं."

सरांनी दोन्ही रिंगा खाली घ्यायला सांगितल्या. एक मी घेतली. दुसरीचे बोल्ट गंजले होते, ती राहिली. त्यानंतर बाहेरची टीम आमच्याकडं आली की निम्मी मॅच अकरा फुटांवर खेळायची आणि बॉल रिंगखालून जाताना बघून एकमेकींची तोंडं बघायची. आमच्या मुलींना दोन्ही उंच्या पाठ झाल्या होत्या.

बोल्ट पुढं बरीच वर्षं गंजलेलेच होते.

* * *

आमच्या मुलींच्या खेळाची तऱ्हा वेगळी होती. त्या बॉल जमिनीवर आपटतच नसत.

सर ओरडून ओरडून सांगायचे, "ड्रिबल करा, ड्रिबल." पण मुरमाचं मैदान, बॉल खड्यावर पडला की भलतीकडं जायचा. चंद्रकला म्हणून एक बुटकी, चपळ मुलगी होती, शिरूरातलीच. वडील गवंडीकाम करायचे. ती एकदा शांतपणे म्हणाली, "सर, हातातली वस्तू खाली टाकायची आन् ती परत हातात येईल म्हणायचं, ह्याची गॅरंटी काय?"

सरांनी शिटी खिशात टाकली.

खरी गोष्ट अशी की पाचातल्या चौघी दुष्काळात तलावाच्या कामावर होत्या. शाळा सुटली की मातीची घमेली. बायका-मुली ओळीनं उभ्या राहायच्या, डावीकडून घमेलं घ्यायचं, उजवीकडं द्यायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं "हं" म्हणायचं. घमेलं खाली पडलेलं मी कधी पाहिलं नाही. मी त्या कामावर पाणी वाटायला होतो.

मुकादम होते इनामगावचे नाना. त्यांची मोठी मुलगी सुमन त्याच ओळीत. नानांचा आवाज मोठा, तोंड कडू. पण कोणाच्या डाव्या हाताला लागलं, तर तिला ते घरी पाठवत नसत. घरी पाठवलं की दिवस बुडायचा. ते नुसते ओरडायचे, "फिरवा गं, उजवीकडनं!" सगळी ओळ उलटी फिरायची. घमेलं त्या बाईच्या उजव्या हाताला यायचं. कोणाला लागलंय हे ते कधी बोलून दाखवत नसत.

तर मुली बॉलचं घमेलं करायच्या. "हं, हं, हं," आणि बॉल या टोकाचा त्या टोकाला. समोरची टीम मध्ये हात घालायला यायची, तोवर बॉल पुढं गेलेला असायचा.

पाचवी मीना, डॉक्टरांची मुलगी. ती दुष्काळी कामावर नव्हती, पण महिनाभरात शिकली. इतकी शिकली की घरी वडिलांना चहा देताना तिनं न बघता "हं" म्हटलं आणि कपबशी सोडून दिली. डॉक्टर ओळीत नव्हते.

ते धोतराची निरी भिजलेली तशीच घेऊन कॉलेजात आले. "मुलींना काय शिकवता तुम्ही?"

सर म्हणाले, "टीमवर्क."

* * *

सुमन आमची सगळ्यात उंच मुलगी. शिरूरला मावशीकडं राहायची. तिला बी. ए. करून मास्तरीण व्हायचं होतं. त्यांच्या घरात मुलगी कॉलेजात जाणं हेच पहिल्यांदा, त्यात खेळ. नाना सरांना भेटायला आले, तेव्हा मी पाणी घेऊन तिथंच उभा होतो.

नाना म्हणाले, "शिकू द्या, खेळू द्या, माझं काय न्हाई. पन हातपाय मोडला, की त्या दिवशी कॉलेज बंद. मोडक्या हाताची पोर मी कुनाच्या घरात देऊ?"

सर म्हणाले, "काही मोडत नाही हो."

"आमच्या गावात ते पुन्याचे लोक माती उकरत्यात. हजारो वर्साची हाडं निघत्यात, धड. आन् तुमच्या मैदानात चार महिन्यांत मोडायची. मला म्हाईत हाय."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही ध्यान ठेवा."

दर बाजारच्या दिवशी ते मैदानावर यायचे. सुमन समोर उभी राहायची. नाना तिचे दोन्ही हात घ्यायचे, बोटं एकेक उघडून मिटवून बघायचे, मनगट फिरवायचे, कोपर दाबायचे. बैल बघावा तसं. शेवटी म्हणायचे, "धड हाय." आणि बाजाराला जायचे.

एकदा चंद्रकलानं बाकीच्या तिघींना आपल्या शेजारी रांगेत उभं केलं, हात पुढं केले आणि म्हणाली, "नाना, आमचंबी बघा."

आम्हाला वाटलं, आता म्हातारा भडकणार. नानांनी पिशवी खाली ठेवली आणि चौघींचे आठ हात एकेक करून बघितले. मीनाच्या हाताशी थांबले.

"ही कुनाची?"

"डॉक्टरांची."

"हिला भाकरी द्या जरा," म्हणाले.

* * *

आता बुटांची.

मुली अनवाणी खेळायच्या. कॅनव्हासचे बूट एकट्या मीनाकडं. एका मॅचला पंच म्हणाले, बुटाशिवाय खेळता येणार नाही. सरांनी धावपळ करून मुलांचे एन.सी.सी.चे बूट आणले. काळे, जड, टाचेला लोखंड. कोर्टावर बास्केटबॉल चाललाय की संचलन, ते कळेना. समोरच्या मुली बॉलऐवजी स्वतःच्या बोटांकडं बघत खेळत होत्या, कोणाच्या बुटाखाली येतील या भीतीनं.

चंद्रकलाचा पाय लहान, बूट आठ नंबरचा. आत वर्तमानपत्र कोंबलेलं. तिनं रिंगखाली उडी मारली, ती वर गेली, एक बूट खालीच राहिला. बॉल टाकून ती खाली आली, ती बरोबर बुटाशेजारी.

सर म्हणाले, "काय झालं गं?"

"मी म्हटलं चल, तो म्हणाला तू ये जाऊन."

* * *

सुमनची एक खोड होती. ती अंगानं दणकट. तिच्याशी टक्कर झाली की समोरची मुलगी पडायची. मग सुमन हातातला बॉल ठेवायची, तिला उठवायची, तिचे गुडघे झटकायची आणि विचारायची, "लागलं का गं?" तेवढ्यात दुसरी कोणीतरी बॉल घेऊन पळालेली असायची.

सर चिडून म्हणाले, "सुमन, मॅचमध्ये विचारपूस करायची नसते."

"मग कवा करायची, सर? मॅच झाली की त्या गाडीनं जात्यात."

* * *

शेवटची दौंडची.

त्या वर्षीची सगळ्यात मोठी मॅच. तेच सिमेंटचं कोर्ट. चहाची गाडी आता दुसऱ्या बाजूला हलवलेली. मॅच सुरू झाली आणि बघतो तर शेजारी नाना येऊन बसलेले, मांडीवर रिकामं पोतं.

"इकडं कुठं, नाना?"

"पेंड न्यायला आलतो."

पेंड शिरूरलाही मिळते.

दुसरा हाफ निम्मा झाला असेल. सुमननं बॉलसाठी उडी मारली, दौंडच्या मुलीवर आदळली आणि दोघी सिमेंटवर पडल्या. सुमन डाव्या हातावर आली. कट्ट्यावरून मला हाडाचा आवाज ऐकू आला नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला. ती उठली, आधी त्या मुलीला विचारलं, "लागलं का गं?" मग तिनं नानांना पाहिलं. डावा हात तिनं पाठीमागं घेतला.

सरांनी तिला बाहेर यायची खूण केली. तिनं मान हलवली. बाहेर आली असती तर कशासाठी आली हे नानांना दिसलं असतं.

ती खेळत राहिली, एका हातानं. पण ओळीची सवय डावीकडून घ्यायची. बॉल तिच्या डाव्या बाजूला यायचा आणि निसटायचा. एकदा निसटला, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा चंद्रकला थांबून तिच्याकडं बघायला लागली. दौंडच्या मुली पुढं गेल्या.

मी नानांच्या तोंडाकडं बघायला धजत नव्हतो. त्यांनी दोन उन्हाळे शेकडो हात बघितले होते. कोणता हात चालत नाही हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते पोत्याची घडी घालत होते. घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची.

शेवटचं मिनिट राहिलं. आम्ही तीन गुणांनी मागं. सुमनच्या हातून बॉल चौथ्यांदा निसटला.

नाना उभे राहिले.

"फिरवा गं, उजवीकडनं!"

सगळं मैदान दचकलं. आमच्या चार मुली दचकल्या नाहीत. त्या फिरल्या. मीना त्यांच्याकडं बघून फिरली. "हं, हं, हं," आणि बॉल सुमनच्या उजव्या हातात. तिनं एका हातानं तो वर टाकला. आत.

पंचांनी शिटी मारली आणि सरांकडं आले. "बाहेरून सूचना कोण देतंय? तुमचे कोच किती?"

"मी एकटाच."

"मग हे कोण?"

सर घाबरले होते. त्यांच्या तोंडून निघालं, "मुकादम."

पंचांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढून चाळलं. त्यात मुकादमाबद्दल काही नव्हतं. त्यांनी खेळ सुरू केला.

एका गुणानं आम्ही हरलो. मुली माझ्या माठाभोवती जमल्या, तोवर नाना रिकामं पोतं खांद्यावर टाकून निघून गेले होते. सुमनला भेटले नाहीत.

शिरूरला डॉक्टरांनी, म्हणजे मीनाच्या वडिलांनी, सुमनच्या डाव्या हाताचं बोट बघितलं. मोडलं होतं. पट्टी बांधली, तीन आठवडे म्हणाले. बाजाराला चार दिवस होते. ते चार दिवस मैदानावर कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "ती आजारी आहे, घरी झोपलीय, असं सांगू." सुमन म्हणाली, "नको सर. नाना विचारतील ते सांगीन." तिनं वह्या-पुस्तकं बांधून मावशीकडं ठेवली होती. चंद्रकलानं मला ते हळूच सांगितलं.

बाजारच्या दिवशी नाना आले. आधी माझ्याकडं आले आणि माझ्या हातात एक पुडी दिली. आंबेहळद होती.

"तुमच्या गुडघ्याला, पाव्हणं. उगाळून लावा."

माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मी पुडी घेतली.

मग ते सुमनसमोर जाऊन उभे राहिले. तिनं उजवा हात पुढं केला. डावा पाठीमागं. नानांनी तो उजवा हात घेतला, अंगठ्यापासून सुरुवात केली, एकेक बोट उघडलं, मिटवलं, मनगट फिरवलं, कोपर दाबलं, तळवा पालथा केला, उलथा केला. इतका वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता.

"धड हाय," म्हणाले आणि पिशवी उचलली.

चंद्रकलाला राहवलं नाही. "नाना, आन् डावा?"

नाना चालायला लागले होते. मागं न वळता म्हणाले, "डावा गेल्या बाजारी बघितलाय."