आई फलाटावर राहिली तो दिवस

आमचं घर झाशीत, नगरा मोहल्ल्यात. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. त्यांच्याही आधी आजोबा नोकरीसाठी खानदेशातून इकडे आले, आणि मग कुणी परत गेलंच नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आई अजूनही कपाटाला फडताळ म्हणते, आणि त्याच दमात शेजारणीला ‘भाभीजी, ज़रा सुनिए’ अशी हाक मारते. गल्लीत आम्ही ‘मराठीवाले’. पुण्याला इंजिनिअरिंगला गेले, तर होस्टेलच्या मुली मला ‘हिंदीवाली’ म्हणायच्या, कारण मी त्यांना ‘चाय पिणार का’ असं विचारायचे.

त्यामुळे ऑस्ट्रियात नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, परकं असण्याची आपल्याला सवय आहे, जमेल. पाण्याचे मोठे पंप बनवणारा एक कारखाना, डान्यूबच्या काठी. काम माझ्या आवडीचं होतं. भाषेचं मात्र अवघड झालं. मी वर्ग लावून, परीक्षा देऊन जर्मन शिकले होते, पण तिथली माणसं बोलायची ती त्यांची गावाकडची बोली. मीटिंगमध्ये ते माझ्यासाठी मुद्दाम सावकाश, पुस्तकी बोलायचे आणि जेवणाच्या टेबलावर पुन्हा आपल्या बोलीत शिरायचे. त्यात वाईट काही नव्हतं. पण सगळे हसले की आपणही हसायचं आणि कशाला हसलो ते कळू नये, याचा कंटाळा आला. मी डबा माझ्या टेबलावरच खायला लागले. सुट्टीच्या दिवशी एकटीच गाड्यांतून हिंडायचे. तळी, डोंगर, जुनी गावं पाहायचे आणि संध्याकाळी फोनवर आईला वर्णन सांगायचे. एकदा बोलता बोलता म्हणून गेले, की वर्ष पुरं झालं की मी परत येते.

थोड्या दिवसांनी बाबांनी कळवलं, की ते दोघं उन्हाळ्यात येताहेत. झाशीच्या मे महिन्यातून सुटका होईल, असं कारण दिलं. मला घेऊन जायला येताहेत, असं मी समजले.

ती दोघं आली. आईच्या बॅगेत झाशीजवळच्या बरुआसागरची सुंठ, मेथीचे लाडू आणि भाजणी. बाबांच्या बॅगेत नुसते स्वेटर. पहिले काही दिवस बरे गेले. मग बाबांना दिवस खायला उठला. मी ऑफिसला गेले की ते खिडकीशी बसून समोरच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्या पाहायचे. आई जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायची, पण समोरचा मान हलवून पुढे जायचा. मी आल्यावर ती विचारायची, की तुझ्याकडे कुणी येत नाही का गं. मी म्हणायचे, इथे तशी पद्धत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं.

एका शनिवारी मी त्यांना डोंगरातलं एक तळं दाखवायला निघाले. दोन डब्यांची छोटी गाडी, खिडकीत गवताळ उतार. बाबा खुशीत होते. सिग्नल, रूळ, सांधे, सगळ्यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. मध्येच एका लहानशा स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत असावी. बाबा डब्याच्या टोकाला स्वच्छतागृहात गेले. मला ऑफिसातून फोन आला, म्हणून मी दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले. फलाटावर मोठ्या कुंडीत झेंडू होता. आईला वाटलं, वाळलेली दोन फुलं घ्यावीत, घरी बी पेरता येईल. झाशीला गाडी थांबली की माणसं पाणी भरतात, चहा पितात, कुणाला भेटूनही येतात. ती उतरली.

दार आपोआप बंद झालं आणि गाडी निघाली. काचेतून मला आईची निळी साडी आणि वरचा माझा जुना कोट दिसला. ती कुंडीपाशी वाकली होती. तिनं मान वर केली तेव्हा आमचा डबा पुढे गेला होता.

बाबा परत आले आणि रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मी सांगितलं. त्यांना आधी पटलंच नाही. शिट्टी न देता गाडी कशी काढतात, असं ते म्हणाले, आणि मग दाराशी जाऊन उभे राहिले.

आईचा फोन माझ्या पर्समध्ये होता. मी धावत कंडक्टरकडे गेले. त्याला काय सांगितलं, ते शब्दांनी आठवत नाही. व्याकरण तर नव्हतंच त्यात. आई, निळी साडी, फलाट, फूल, असलं काहीतरी भराभर बोलले. त्याला सगळं कळलं. तोही त्याच्या बोलीतच बोलला आणि मलाही सगळं कळलं. त्या स्टेशनावर माणूस नसतो, पुढच्या स्टेशनावर उतरा, समोरच्या फलाटावरून उलटी गाडी मिळेल, मी तिच्या ड्रायव्हरला कळवून ठेवतो.

उलट्या गाडीत बाबा बसले नाहीत. दाराच्या दांड्याला धरून उभेच होते. मी म्हटलं, आई घाबरून कुठे चालायला लागली तर? किंवा दुसऱ्याच गाडीत बसली तर?

“ती तिथंच असेल,” बाबा म्हणाले.

“कशावरून?”

“आपल्या घरात तो नियम तिचाच आहे. जो मागे राहिला त्यानं हलायचं नाही, बाकीच्यांनी परत यायचं. तू लहान असताना मला कितीदा बजावलंय तिनं.”

त्यांच्या आवाजात शंका नव्हती, पण दांड्यावरचा हात घट्ट होता.

आई तिथेच होती. बाकावर बसली होती आणि तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई होती. आखूड केस, पांढरे कामाचे बूट. दोघींच्या मध्ये मेथीच्या लाडवांचा डबा उघडा. आई काहीतरी सांगत होती आणि ती बाई मान डोलावत होती. जवळ गेल्यावर ऐकू आलं, की आई हिंदीत बोलतेय. परक्या माणसाशी हिंदीत बोलायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ऑस्ट्रियातल्या डोंगरातही तिला तीच भाषा सुचली. माझी नोकरी, बाबांची रिटायरमेंट, झाशीची गरमी, सगळं तिनं त्या बाईला सांगून टाकलं होतं.

मला पाहून ती बाई उठली. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “मामा गुट.” म्हणजे आई ठीक आहे. आईनं मला विचारलं, की ही मघापासून कुणाच्या मामाची चौकशी करतेय? बाबा हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. मी आईला मिठी मारली आणि रडले. ती म्हणाली, अगं, मी कुठे हरवले होते, हरवले होतात तुम्ही.

ती बाई मूळची बोस्नियाची. वृद्धाश्रमात काम करायची आणि ड्यूटी संपवून घरी चालली होती. आईला एकटीला उभं पाहिलं, काय झालं असेल ते ओळखलं आणि स्वतःची गाडी सोडून दिली. मी पुन्हा पुन्हा आभार मानायला लागले, तेव्हा ती तिच्या तुटक जर्मनमध्ये म्हणाली, “मी इथे पहिल्यांदा आले, तेव्हा अशीच एका स्टेशनात बसले होते. कुणी शेजारी बसलं नाही. म्हणून मी बसले.”

तळं त्या दिवशी राहिलंच. ती आमच्याच शहरात राहत होती, म्हणून आम्ही एकत्र परत आलो. उतरताना आईनं मला बजावलं, की तिला रविवारी जेवायला बोलव आणि नीट बोलव. मी बोलावलं. आईनं थालीपीठं आणि कढी केली. ती येताना बटाट्याचं सारण भरलेली, गोल वळवून भाजलेली एक मोठी पोळी आणि कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं घेऊन आली. थालीपीठाला मधे भोक का पाडतात, हे मी तिला जर्मनमध्ये समजावत होते, तर आईनं तिचा हात धरून तिला गॅसपाशी नेलं आणि दाखवूनच टाकलं.

सोमवारी डबा घेऊन मी जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले. कसं कोण जाणे, आई फलाटावर राहिली ती गोष्ट सांगायला लागले. चुका होत होत्या, पण थांबले नाही. कंडक्टर जसा बोलला तसं बोलून दाखवलं, तेव्हा ते हसले. या वेळी कशाला हसले ते मला ठाऊक होतं. आमच्या विभागाचा प्रमुख म्हणाला, त्या दोघांना कारखाना दाखवायला घेऊन ये.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कारखान्यात शिरल्यावर तेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला, तसे ते जरा ताठ झाले. पंपाच्या एका मोठ्या कवचापाशी थांबून हात लावू का, म्हणून त्यांनी मला हळूच विचारलं. मी तिथल्या फोरमनला विचारलं. त्यानं बाबांना स्वतःचे हातमोजे दिले. दोघं त्या कवचाभोवती फिरत राहिले. बोलणं फारसं नव्हतंच. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, की पोरगी ठीक जागी आहे, आता तिला परत चल म्हणायचं नाही. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू यावं म्हणूनच ते बोलले असावेत.

ती दोघं गेल्यावर घर मोठं वाटलं, पण रिकामं नाही वाटलं. जिन्यात लोक मला थांबवून आईबद्दल विचारायचे. नमस्काराला उत्तर म्हणून नुसती मान हलवणारा खालच्या मजल्यावरचा म्हातारा आता दोन्ही हात जोडायचा. ती बोस्नियाची बाई रविवारी येत राहिली. मला ताप आला तेव्हा तिनं सूप आणलं. मला बढती मिळाली तेव्हा आईच्या आधी तिला कळलं, आणि आई त्यावर थोडी रुसली. आई-बाबा मला घेऊन जायला आले, असं मी तेव्हा मानत होते. खरं म्हणजे माझं बस्तान त्यांनी बसवलं. परदेशात जे काही माझं म्हणून आहे, त्याची सुरुवात आईनं केली, जी भाषा तिथे कुणाला समजत नव्हती त्या भाषेत.

या हिवाळ्यात ती बोस्नियाची बाई माझ्याबरोबर झाशीला आली आहे. आईनं तिला आल्या दिवशीच स्वतःची शाल दिली. आज मला ऑफिसचा कॉल होता, म्हणून त्या दोघी मला सोडून सकाळच्या बसनं बरुआसागरला तळं पाहून आल्या. बसमध्ये कुणीतरी विचारलं, अम्माजी, ये कौन हैं? आई म्हणाली, बहन है हमारी. त्यावर बसभर खूप चर्चा झाली म्हणे, पण कुणी नाही म्हटलं नाही.

आत्ता दोघी ओट्यावर उन्हात बसून मटार सोलताहेत. शेजारच्या भाभीजी पाहुणी पाहायला आल्या आहेत आणि बाबा सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले आहेत. साखर कुठे ठेवलीय, ते आतून विचारताहेत.