गोपाळकाकाची खुंटी

आधीच सांगतो, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. आमच्या चौलात ज्या चिंचेखालून मोठमोठे बाप्ये घसा खाकरत घाईघाईनं जायचे, त्याच चिंचेवर बसून मी दुसऱ्याच्या वाडीतले पेरू खाल्लेत. कुणी दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यालाही एक दिला असता. तेव्हा पुढचं जे सांगतोय ते घाबरट माणसाचं समजू नका. वेंधळ्या माणसाचं समजा हवं तर.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या थंडीतली गोष्ट. मी सतरा वर्षांचा. मुंबईला गोदीजवळच्या एका कारखान्यात काम शिकायला उमेदवार मुलं घेणार होते. मुंबईत आमच्या गावच्या खोलीत राहणाऱ्या नानांनी शब्द टाकून माझं नाव घालून ठेवलेलं. सकाळी आठला फाटकावर हजर, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. दाखला नाही तर आत घेणार नाहीत, दुसरी तारीख मिळणार नाही. आणि मला तर जायलाच हवं होतं... कारण शेतात मी असा काही उजेड पाडला होता की बाबा सरळ म्हणायचे, “ह्याच्या हातात विळा दिला तर भात सोडून पायच कापील.” घरात मोठा दादा होता, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. दोघांच्या पोटापुरतं शेत, तिसऱ्याला जागा कुठली?

दाखल्याला घडी पडली होती. ती मोडावी म्हणून आदल्या दिवशी मी तो देवाच्या फळीवर पंचांगाखाली दाबून ठेवला. मोठा व्यवस्थितपणा! कुणाला सांगितलं नाही, कारण घडी पडली ती दाखल्याची होडी करून बघताना.

गावातून कुणी मुंबईला निघालं की अख्खी आळी दारात यायची. कुणाचे वाल, कुणाचे पोहे, कुणाची पांढऱ्या कांद्याची माळ, आणि प्रत्येकाचा निरोप. मी निरोप कागदावर लिहून घेतले. पहाटे निघायच्या गडबडीत फळीवरचा दाखला काढला नाही, निरोपांचा कागद मात्र नीट घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि छाती थोपटून आईला म्हटलं, “कागद घेतला गं!”

एस.टी.नं अलिबाग, तिथून दुसरी गाडी रेवसला, रेवसहून लाँच. एकट्यानं पहिलाच प्रवास. मधल्या पाण्यात लाँच हलायला लागली तशी मी धीर यावा म्हणून दाखला काढला. वाचतो तर... ‘पांडूला सांगणे, रात्री दही खाऊ नको.’

पुढचा तास मी बसू शकलो नाही. उठायचो, कठड्याशी जायचो, परत यायचो. शेजारची मासळीवाली बाई वैतागून म्हणाली, “आरं, बस की एका जागी! तू चाललास म्हून लाँच लवकर पोचंल व्हय?”

भाऊच्या धक्क्यावरून विचारत विचारत माझगावच्या चाळीत पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. गावची खोली म्हणजे एका खोलीत चौदा माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. त्या वेळी सगळे कामावर, चावी शेजारी. आत भिंतीला ओळीनं लाकडी खुंट्या, प्रत्येकीवर कुणाची पिशवी, कुणाची विजार. एकच रिकामी. शर्ट सकाळी घालायचा, चुरगळायला नको म्हणून मी तो काढून तिथं अडकवला. आणि स्वतःवरच इतका चिडलो होतो की त्या शर्टाकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “दाखला फळीवर, पंचांगाखाली... आता काय तुझा बाप आणून देणार?”

संध्याकाळी नाना आले. माझ्या पाठीवर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला.

“शर्ट कुणाचा रं?”

“माझा.”

“त्या खुंटीला कुनी सांगितलं तुला?”

मग कळलं. खोलीत जागा कुणाच्या मालकीची नसते, खुंटी असते. माणूस गेला की त्याची खुंटी त्याच्या मुलाची, आणि मुलगा मोठा होऊन मुंबईला येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. ही गोपाळकाकाची. तो दोन वर्षांमागं गोदीत वारला होता. गावात मी त्याला लांबून पाहिला असेन तेवढाच. दर महिन्याला गावची फेरी करायचा, कुणाचं काय राहिलं, विसरलं ते इकडून तिकडे पोचवायचा.

मी शर्ट काढायला धावलो. नाना म्हणाले, “ऱ्हाऊ दे आता. एकदा अडकवलास तो अडकवलास. सकाळी काढ. दाखला आनलास न्हवं?”

“हो तर!” मी म्हणालो. खोटं बोलायला मला कधी वेळ लागला नाही.

जेवताना खिशातला कागद काढून सगळ्यांना निरोप वाचून दाखवले. दह्याच्या निरोपावर पांडू सोडून सगळे हसले. कागद मी पांडूलाच दिला. म्हणजे खिसा रिकामा. हे मी आजही शपथेवर सांगेन.

सकाळी खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला आणि नाना मला घेऊन निघाले. रस्ताभर मी एकच ठरवत होतो – फाटकावर खिशात हात घालायचा, चेहरा पाडायचा आणि पाकीटमाराच्या नावानं बोंब ठोकायची. दोनतीनदा चेहरा पाडूनही बघितला. नाना म्हणाले, “पोटात दुखतंय काय?”

फाटकावर रांग. टेबलाशी कारकून. “दाखला?”

मी खिशात हात घातला. “नाना, घात झा...” म्हणेपर्यंत बोटांना कागद लागला.

बाहेर काढला. माझं नाव, माझी शाळा, हेडमास्तरांची सही. मधोमध माझीच ती होडीची घडी. आणि एका कोपऱ्याला हिरवट डाग.

कारकून नाक मुरडून म्हणाला, “हे काय लावलंय?”

“चटणी,” मी म्हणालो. दुसरं काय सुचणार? नाना पाठीमागून म्हणाले, “घात कसला झाला?” मी म्हटलं, “काही न्हाय, शिंक आली.”

मला घेतलं. पुढची सदतीस वर्षं त्याच फाटकातून आत-बाहेर केलं.

दोन आठवड्यांनी सुट्टी मिळाली तसा पेढे घेऊन घरी गेलो. आईनं पहिलाच प्रश्न केला, “कुणाला पाठवलंस रं दाखल्याला?”

“मी कुणाला पाठवणार?”

“आता गं बया! तू गेलास त्या दिवशी आमी सगळी खळ्यावर भात झोडत होतो. घरात ही एकटी.”

ही म्हणजे वहिनी. लांबच्या बोर्ली पंचतनची, लग्न होऊन जेमतेम महिना. गावातलं कोण कोण तिला ठाऊक नाही, आणि बाप्या माणसापुढं नव्या सुनेनं मान वर करायची नाही ही रीत. आईनं हाक मारली तशी ती दारामागून बोलली.

“मी अंगन सारवत होते. दुपार कलली होती. एक जन आले नि म्हनाले, पोरगा दाखला विसरलाय, फळीवर पंचांगाखाली हाय, तो दे. मी आनून दिला. हात शेनाचे होते, म्हून कोपऱ्याला धरला.”

मी उठून उभा राहिलो. पंचांगाखालचं मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“दिसायला कसा होता?” आईनं विचारलं.

“तोंड कुठं बघितलं मी? पाय बघितले. डाव्या पायाला आंगठा न्हवता.”

आई जिथं होती तिथंच खाली बसली. गोदीत पेटी पडून गोपाळकाकाचा अंगठा गेला होता. गावात दुसरा तसा पाय नाही. मला ते तेव्हा माहीतही नव्हतं.

मग आई हळूच म्हणाली, “पानी तरी इचारलंस का गं त्याला?”

“इचारलं की. तर म्हनाले, नको पोरी, शेवटची लाँच चुकंल.”

परतताना मी रेवसच्या धक्क्यावर खलाशाला गाठलं. म्हटलं, अमुक दिवशी शेवटच्या लाँचला डाव्या पायाला अंगठा नसलेला कुणी चढला होता का? तो म्हणाला, “चढनाऱ्यांचे मी पाय बघू की डोकी मोजू?”

आता तुम्हीच सांगा. माझ्याखेरीज गावातलं कुणी त्या दिवशी मुंबईला गेलं नव्हतं, मी घरोघर विचारलं. कुणी गंमत केली म्हणावी, तर मी एकट्यानं खुंटीवरच्या शर्टाशी बोललेलं चौलला पोचलं कसं? आणि खरं सांगू? दाखला कसा आला यापेक्षा मला दुसरंच छळतं. ज्याला आता कुठंही, कसंही जाता येत असेल, त्या माणसाला लाँच चुकायची एवढी धास्ती का होती?