रुमालाखालची रेघ

बाजाराच्या दिवशी बेल्ह्यातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जागा नसते. त्या वर्षी मी दर बाजाराला तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी असायचो. माझं काम संशोधनाचं. छातीत दुखतंय म्हणून माणूस खेड्यातल्या साध्या दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टर निदान कसं करतात आणि एका झटपट तपासणीचा त्यांना किती उपयोग होतो, हे मी पाहत होतो. बोटातल्या रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या पट्टीवर टाकायचा. पट्टी चालू आहे हे सांगणारी एक रेघ नेहमीच येते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर तिच्याशेजारी दुसरी उमटते. नियम असा, की आधी डॉक्टरांनी आपला अंदाज सांगायचा, मग पट्टी बघायची. मध्येच कुणी डोकावू नये म्हणून मी तिच्यावर माझा रुमाल टाकून ठेवायचो.

एका बाजाराला निमगाव साव्याचा बैलांचा व्यापारी आला. साधारण माझ्याच वयाचा. सकाळी टेम्पोतून बैल उतरवताना छातीत कळ आली होती. आता बरं आहे, बैलानंच हिसका दिला असेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या बोटातला थेंब पट्टीवर घेऊन रुमाल टाकला आणि डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यात काही दिसलं नाही. तरी त्याचा घामानं थबथबलेला सदरा पाहून ते म्हणाले, मला हे हृदयाचंच वाटतंय, ही गोळी चघळा आणि गाडी करून लगेच नारायणगावच्या मोठ्या दवाखान्यात जा. गोळी त्याने चघळली, पण जायला तयार होईना. बैलजोडी मेव्हण्याच्या हातात होती आणि मेव्हणा भोळा.

"पयल्या बोलीलाच दिऊन टाकील त्यो," तो म्हणाला. एवढ्यात त्याचं लक्ष माझ्या टेबलाकडे गेलं. "पावणं, रुमालाखाली काय चाललंय? आमचाच धंदा दिसतोय तुमचा."

इकडे बैलांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातांवर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून, जितकी बोटं तितका आकडा, असा सौदा करतात. दवाखाना हसला. मीही हसलो आणि वेळ झाली तसा रुमाल उचलला.

एकच रेघ होती.

"डॉक्टर, तुमचा भाव पडला राव," म्हणत तो उठला आणि पायाने चपला शोधू लागला. डॉक्टर त्याला समजावत होते, पण तो माझ्या पट्टीकडे बोट दाखवत होता. ह्यांच्याच मशीननं न्हाई म्हटलंय, मग मी कशाला जाऊ?

हृदयाला झालेली इजा रक्तात दिसायला काही तास लागतात. त्याची कळ सकाळचीच होती. इतक्या लवकर आलेल्या एका रेघेला फारसा अर्थ नाही, हे मी कितीतरी ठिकाणी बोललो होतो. आणि इथे तीच रेघ दाखवून एक माणूस मरायला निघाला असेल, तर त्याला जायची मोकळीक मी दिली होती. रुग्णाच्या निर्णयात मी तोंड घालायचं नाही, असा माझ्याच अभ्यासाचा नियम होता. त्या नियमाआड लपण्याचा मोह मला झाला, हे लिहायला लाज वाटते.

मी दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "भाऊ, मेव्हणा पहिल्या बोलीला बैल देईल म्हणून तुम्हाला घोर. आणि तुम्ही काय करताय? ही पट्टीची पहिलीच बोली आहे."

तो चपला तशाच सोडून पुन्हा बाकावर टेकला.

"दुसरी कवा लावणार?"

तासाभराने, मी म्हणालो. डॉक्टरांनी तेवढ्यात गाडी बोलावून ठेवली. तो भिंतीला टेकून बाहेरच्या बैलांच्या घुंगरांकडे कान लावून बसला.

दुसऱ्या पट्टीवर मी रुमाल टाकला नाही. आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. पहिली रेघ आली. नंतर बराच वेळ बाकीची पट्टी नुसती पांढरी. आणि मग त्या पांढऱ्यात, कुणी उच्छ्वास सोडावा तशी, फिकट गुलाबी दुसरी रेघ वर आली. अशा रेघा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण छातीच्या आत, कुणाला न दिसता, एक स्नायू मरत होता आणि त्याची वार्ता रक्तातून वाहत बोटाच्या टोकाशी पोचली होती. तिला यायला वेळ लागला, आणि आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो. खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. त्याच्या तोंडाकडे मी नंतर पाहिलं.

गाडीत स्ट्रेचरवर आडवा झाल्यावर त्याने मला खुणेने जवळ बोलावलं, माझ्या खिशातून डोकावणारा रुमाल ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर पसरला. आत त्याची बोटं माझ्या बोटांवर चाचपडू लागली. आता आयुष्य किती उरलं, असं तो विचारत होता, ते मला कळलं. पण मला त्या खुणा येत नव्हत्या, आणि येत असत्या तरी खरा आकडा माझ्याकडे नव्हता. मी त्याचा सगळा पंजाच घट्ट धरला.

"येवढं?" तो ओठांत हसला. "लई दिलं, पावणं."

गाडी नारायणगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचली, ती वेळेत. दिवाळीनंतरच्या एका बाजाराला तो स्वतःच्या पायाने आला, वाळलेला, पण बोलण्यात तसाच. मेव्हण्याने बैल खरंच पहिल्या बोलीला दिले होते आणि त्याबद्दल तो अजून त्याला शिव्या घालत होता. माझा रुमाल त्याने परत केला नाही. मीही मागितला नाही.