दोन लांब, एक तुटका

आमच्या किनाऱ्यावर धुकं उतरलं की होड्या शंख फुंकतात. प्रत्येक होडीचा सूर वेगळा. ऐकणाऱ्यानं आपल्या सुरात उत्तर द्यायचंच, मग दोघांत कोर्टकचेरी का चालू असेना. धुक्यात गप्प बसणाऱ्याला आमच्याकडे चोरापेक्षा वाईट समजतात.

सेकुंदिनोला शंख शिकवला त्याच्या मामानं, बेलार्मिनोनं. मामाचा सूर दोन लांब आणि एक तुटका. दिनोचा तीन आखूड, शेवटचा खाली घसरणारा. "फुंक रे, लाजू नकोस," मामा म्हणायचा. "तुझ्या आवाजानं मासे पळतात खरे, पण माणसं तरी जवळ येतील."

देशात यादवी युद्ध पेटलं तेव्हा मामा सरकारच्या बाजूनं लढायला हिहोन बंदरात गेला. आमचं गाव पहिल्याच उन्हाळ्यात बंडवाल्या सेनापतींच्या हाती पडलं आणि त्यांनी दिनोला आरमारात ओढलं. जहाज म्हणजे मासेमारीचीच बोट, राखाडी रंगवून पुढं तोफ बसवलेली. खाली अजून सार्डिन माशांचा वास यायचा. "गुरुजी," तो मला एकदा सफरचंदाची सायडर पिता पिता म्हणाला, "माझं युद्ध म्हणजे थंडी, मसूर आणि दुसऱ्यांच्या ओकाऱ्या धुणं. एक सकाळ सोडली तर."

ती सकाळ सदतीसच्या ऑक्टोबरातली. हिहोन पडलं होतं. मिळेल त्या होडीत बसून माणसं फ्रान्सकडे पळत होती आणि दिनोच्या बोटीला त्यांना पकडायचं काम होतं. दाट धुकं होतं. अधिकाऱ्यानं भोंगा बंद ठेवायला सांगितलं होतं. दिनो बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पहाऱ्याला उभा होता.

पलीकडच्या होडीनं इंजिनाचा आवाज ऐकला असणार. बायकामुलांनी भरलेली होडी. टक्कर झाली तर सगळे बुडणार. धुक्यातून शंख आला. दोन लांब, एक तुटका.

"माझा हात खिशात कधी गेला, शंख ओठाशी कधी आला, मला कळलंच नाही," दिनो म्हणाला. "तीन फुंकले, शेवटचा घसरवला, नेहमीसारखा. आणि पलीकडून मामा हसला. म्हणाला, 'अरे गाढवा, जिवंत आहेस होय!' होडी वळली आणि सरळ आमच्याकडे आली."

पळा, असं ओरडायला त्यानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात धुकं फाटलं आणि होडीतल्या माणसांना तोफ दिसली.

अधिकाऱ्यानं त्याची पाठ थोपटली. "हुशार निघालास की तू," असं म्हणून सिगारेटचं पाकीट दिलं. मामा दोरीच्या शिडीनं वर चढला. त्यानं दिनोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जणू कधी ओळखच नव्हती. नातं कळलं असतं तर दिनोलाही धरला असता. त्या हिवाळ्यात मामाला गोळ्या घातल्या.

त्या होडीतली एक बाई तुरुंगातून सुटून आली. तिनं ओलिवामामीला सगळं सांगितलं: धुक्यातून उत्तर आलं, बेलार्मिनो हसला, म्हणाला आपल्यातलाच कुणीतरी आहे. त्यानं नाव मात्र घेतलं नाही. तेव्हापासून समुद्रावरून परतलेल्या प्रत्येकाला मामी एकच विचारायची, "उत्तर कोणी दिलं?" दिनो युद्धावरून आला तेव्हा त्यालाही विचारलं.

"मला नाही ठाऊक, मामी."

त्यानंतर तो दर शुक्रवारी तिला मासे नेऊन द्यायचा, तिच्या छपराची कौलं बसवायचा. शंख मात्र त्यानं पुन्हा वाजवला नाही. गुत्त्यात लोक टोमणे मारायचे, "दिनोला शंख कशाला? धुकंच त्याला वाट देतं, घाबरून." तो पेल्यात बघत बसायचा.

एका शुक्रवारी मामीनं टोपली हातात घेतली आणि दारातच थांबली. "धुक्यात सगळे उत्तर देतात, दिनो. एक तूच देत नाहीस. का रे?"

"तेव्हा मीच दिलं, मामी."

तिनं टोपली त्याच्या हातात परत ठेवली. "आता मासे आणू नकोस." दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

तरी धुकं पडलं की मामी इतर बायकांबरोबर धक्क्यावर शंख फुंकायला यायची. होड्या एकेक करून उत्तर द्यायच्या, मोजल्या जायच्या, बायका घरी जायच्या. मामी एकटी फुंकत राहायची, दिनोची मुकी होडी दिसेपर्यंत. दिसली की पाठ फिरवून चालू लागायची.

"ऐकू येतं सगळं," तो म्हणायचा. "शंख ओठाशी नेतो, गुरुजी. आत श्वासच नसतो."

गेल्या मार्चमध्ये असंच धुकं पडलं. बाकीच्या होड्या आल्या, दिनोची दिसेना. मामी फुंकत होती, मी शेजारी उभा होतो. अंधारू लागलं तेव्हा तिनं सूर बदलला. दोन लांब, एक तुटका. नवऱ्याचा सूर ती पहिल्यांदाच वाजवत होती.

आम्ही कान देऊन उभे राहिलो. धक्क्याच्या दगडांवर पाणी आपटत होतं, बाकी काही नाही. मामीनं शंख एप्रनला पुसला.

"आताही उत्तर नाही," ती म्हणाली.