आकड्यांचे शेजारी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगायला घेतला की मागे चार ताटकळत उभेच असतात. नव्वदीच्या सुरुवातीला इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही तिघं ऑपरेटर होतो: सगळ्यांत जुने गुलाबराव, मंदाताई आणि नवखी मी. समोर शंभर भोकांचा बोर्ड, दहा ओळी, ओळीत दहा. मागितलेल्या नंबरच्या भोकात प्लग खुपसला की फोन लागला.

*

गुलाबरावांच्या डोक्यात अख्खं गाव त्या बोर्डावरच वसलेलं. एकदा सुप्याचे एक पाहुणे कापडवाल्या शेठजींचं घर विचारत आले. गुलाबरावांनी बेधडक सांगितलं, डॉक्टरांच्या शेजारी. पाहुणे तासभर पेशंटांच्या बाकावर बसून परत आले. शेठजींचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला! शेजारी होते ते नुसते नंबर, डॉक्टर सव्वीस आणि शेठजी सत्तावीस.

"बोर्डावर तर शेजारीच हायेत," गुलाबराव म्हणाले. चूक त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

*

मंदाताईंचा हात नंबर पुरता ऐकायच्या आत निघायचा. 'चौ' कानावर पडलं की चौथ्या उभ्या रांगेवर, 'सष्ट' आलं की साठीच्या ओळीत. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी 'सिक्स्टी-फोर' मागितला आणि हात हवेतच थांबला. साहेबांनी विचारलं, ऐकू येत नाही का?

"येतंय की सायेब. पन तुमी उलट्या बाजूनं येताय."

साहेब मराठीत चौसष्ट म्हणाले. फोन लागलासुद्धा.

*

तपासणी येणार म्हणून बोर्ड रंगवायला दिला. रंगाऱ्यानं आकड्यांवरूनही ब्रश फिरवला. दोन दिवस शंभर भोकं बिननंबरी, पण गुलाबराव आणि मंदाताईंचा एकही फोन चुकला नाही. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या जागी गेल्या. तरी त्यांचे फोन बरोबरच लागत राहिले. चिठ्ठ्या वाचत होतं कोण? चुकले ते फक्त माझे.

*

पुढं एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, गुलाबराव रिटायर झाले आणि वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी आणि मंदाताई बारामतीला दवाखान्यात भेटायला गेलो. डावी बाजू गेली होती, बोलणं मात्र खणखणीत. आमच्यासमोरच डॉक्टरांनी त्यांना विचारलं, दोन आणि सहाच्या बरोबर मधला आकडा कुठला?

"पाच," गुलाबराव ठामपणे म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा पाच.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. गुलाबरावांच्या पत्नीनं तोंडाला पदर लावला. मलाही गुलाबरावांकडं बघवेना.

मंदाताई मात्र त्यांच्यापुढच्या जेवणाच्या ताटाकडं बघत होत्या. भाकरीचा उजवा अर्धा भाग संपला होता, डावा जसाच्या तसा, आणि ताट रिकामं झालं असं म्हणत गुलाबराव आणखी वाढायला सांगत होते. ताईंनी ताट फिरवलं. उरलेली अर्धी उजवीकडं आली, तशी ते खाऊ लागले.

बोर्डाच्या ओळीत दोन डावीकडं असायचा, आणि डावीकडचं तर गुलाबरावांना दिसतच नव्हतं. मग ताईंनी आकडे उभे मांडून विचारलं, "गुलाबराव, जिना हाय समजा. खाली दोन नंबरची पायरी, वर सहाची. मधली कितवी?"

त्यांनी नजर हळूहळू खालून वर नेली.

"चार. एवढं बी येत न्हाय व्हय त्या डॉक्टरला?"