पितळी कॉकजवळचा पाइप

वरंधजवळच्या वाडीत पाणी सोडायचं काम चंद्रभागाबाईंकडे. कॉक पितळेचा, पाइप लोखंडी. पाइप दरवेळी कॉकालगतच गंजून फुटायचा आणि बायका म्हणायच्या, "तुझाच हात जड हाय गो." हळूहळू बाईंनाही ते खरं वाटू लागलं.

मग महाडहून श्रीधर फिटर आले. गंजलेला तुकडा पाहून ते म्हणाले, "पितळ आणि लोखंड जोडून पाण्यात राहिलं, की लोखंड लवकर गंजतं. मध्ये प्लास्टिकचा जोड हवा."

"मंग माझ्या हातानं नाय फुटला?"

"नाही हो, वहिनी."

बाई मटकन दगडावर बसल्या. मग हसत नळावरच्या बायकांना ओरडल्या, "ऐकलंत का गो?"

श्रीधरनी तो जोड बसवला, त्याला तीन वर्षं झाली. पाइप अजून शाबूत आहे.